बायकांचा युरोफ्लो रिपोर्ट कसा वाचायचा: आधी व्हॉल्यूम, क्यूमॅक्स शेवटी

परवा एक सून सासूबाईंना घेऊन आली, हातात युरोफ्लोचा, म्हणजे लघवीची धार मोजायच्या टेस्टचा, तो छोटा गुंडाळलेला कागद, आणि आल्या आल्या पहिला प्रश्न काय तर ताई इथं क्यूमॅक्स ११ लिहिलंय आणि मोबाईलवर बघितलं तर २० पाहिजे म्हणतात, आता ऑपरेशन लागेल का हो. (क्यूमॅक्स म्हणजे धारेचा सगळ्यात जास्त वेग, सेकंदाला किती मिली.) सासूबाई मागं बाकावर बसून पुटपुटत होत्या, "मले काही व्हयेल नही माय, तठे लघवीच व्हयनी नही धड." आणि खरं सांगू का, दोघींमध्ये रिपोर्ट बरोबर वाचला होता तो सासूबाईंनी. कारण त्या ११ च्या खालच्याच ओळीत व्हॉल्यूम छापलं होतं, ९० मिली. एवढ्याशा लघवीवर धारेचा निकाल लावायचाच नसतो.

मी जळगावला एका दवाखान्यात युरोफ्लोच्या मशीनवर काम करते, बरीच वर्षं झाली. डॉक्टर नाहीये मी, निदान करणं माझं काम नाही आणि तुमचंही नाही, पण कागदावर काय छापलंय ते कळलं तर डॉक्टरसमोर जी पाच मिनिटं मिळतात त्यात नीट प्रश्न तरी विचारता येतो. शिवाय आपल्याकडं बायका हा विषय घरात बोलतच नाहीत, नवऱ्याला सांगत नाहीत, सुनेला सांगायला लाजतात, मग एकदाची टेस्ट होते आणि कागद घेऊन थेट मोबाईलवर शोधाशोध सुरू. तिथं जे आकडे सापडतात त्यातले अर्धे पुरुषांचे असतात.

आधी मशीन काय करतं ते बघू. भोक असलेली खुर्ची, तिच्याखाली मोठं फनेल, फनेलखाली भांडं, आणि भांड्याखाली वजन मोजणारा सेन्सर. काही मशीनमध्ये वजनाऐवजी फिरती चकती असते, तिच्यावर धार पडली की तिचा वेग राखायला किती ताकद लागते त्यावरून फ्लो कळतो. आमच्याकडं वजनवालं आहे. एक मिली लघवी म्हणजे जवळपास एक ग्रॅम, म्हणून दर सेकंदाला किती ग्रॅम वाढले तेवढे मिली आले असं ते धरतं. सुई नाही, नळी नाही, दुखायचा प्रश्नच नाही. पण एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, मशीनला लघवी ओळखता येत नाही, त्याला फक्त वजन कळतं.

आणि इथंच आपल्याकडची मोठी गंमत होते. लघवी झाली की बाई सवयीनं मगमध्ये पाणी घेते आणि तिथंच बसल्या बसल्या धुते. बसलं, ते सगळं पाणी फनेलमध्ये! लघवी २०० मिली आणि कागदावर ४५०, शेवटी एक भला मोठा उंचवटा, आणि क्यूमॅक्स असा की जणू अग्निशमन दलाचा पाइप सोडलाय. मी आता मग खोलीतून बाहेरच ठेवते आणि तरी कधी कधी कुणीतरी पर्समधून पाण्याची बाटली काढतंच. म्हणून रिपोर्ट हातात आला की आकड्यांच्या आधी जिची टेस्ट झाली तिला विचारा, तिथं पाणी टाकलं होतं का, फनेलला पाय लागला का, साडीचा काठ किंवा ओढणी आत लोंबत होती का, उठताना खुर्ची सरकली का. फनेलला धक्का बसला की आलेखावर सुईसारखी सरळ वर जाऊन लगेच खाली येणारी सुळकी दिसते. दोन सेकंदसुद्धा न टिकणारी अशी सुळकी धरायचीच नसते, पण मशीन बिचारं प्रामाणिक, ते तिलाच क्यूमॅक्स म्हणून छापून मोकळं होतं. एका रिपोर्टवर ४८ छापलेलं होतं आणि सुळकी सोडून बाकी आलेख २३ च्या वर गेलाच नव्हता. खरा क्यूमॅक्स २३. त्यामुळं छापील आकडा आणि आलेखाचा माथा जुळतो का ते डोळ्यानं बघायचं, बोट ठेवून.

अजून एक प्रश्न, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: घरी रोज अशीच होते का लघवी? बाहेर दहा माणसं बसलेली, दार नीट लागत नाही, नर्स म्हणते मावशी आटपा, अशात धार मोकळी सुटेल का कुणाची. कितीतरी जणी खुर्चीला घाण समजून अधांतरी बसतात, अर्धवट वाकून. तसं बसलं की खालचे स्नायू आवळलेलेच राहतात, धार बारीक होते आणि लघवी मागं उरते. उकिडवं बसायची जन्माची सवय असलेल्या आजीला खुर्चीवर सुटतच नाही, हेही बघितलंय. तिला पाय टेकायला पाट दिला, गुडघे जरा वर आले, दोन मिनिटं एकटं सोडलं, की झालं काम. तर घरी याहून बरी होते असं उत्तर आलं तर तो कागद कच्चा समजा आणि टेस्ट परत करायला सांगा, लाजू नका.

आता आकडे. आणि क्रम चुकवू नका.

पहिला व्हॉल्यूम, म्हणजे एकूण किती लघवी झाली. १५० मिलीच्या खाली असेल तर क्यूमॅक्सवर विश्वास ठेवायचा नाही असा साधारण नियम आहे. का, तर लघवीची पिशवी स्नायूची असते, ती थोडी ताणली गेली तरच जोरात आकुंचन पावते, अर्धवट भरलेल्या पिशवीत तेवढा जोरच तयार होत नाही. (पिशवी म्हटलं की आपल्याकडं बायका गर्भपिशवी समजतात, "माझी पिशवी काढलेली आहे" असं सांगतात, मी इथं लघवीच्या पिशवीबद्दलच बोलतेय.) आणि उलट बाजूनं, पिशवी फार तुडुंब भरली, ५००-६०० च्या पुढं, तर स्नायू जास्त ताणला जाऊन तात्पुरता ढिला पडतो आणि धार मंदावते. शिरपूरहून एसटीनं आलेली बाई, वाटेत उतरायची सोय नाही, वर आम्हीच फोनवर सांगितलेलं की भरपूर पाणी पिऊन या, ती दवाखान्यात पोचेपर्यंत कळवळत असते. तिचा रिपोर्ट व्हॉल्यूम ७१०, क्यूमॅक्स १४. तासाभरानं थोडं पाणी देऊन परत घेतला तर ३१० ला २४. बाई तीच, पिशवी तीच, फरक फक्त एसटीचा.

व्हॉल्यूम वाढलं की फ्लो वाढतो हे नुसतं माझ्या अनुभवाचं नाही. १९८९ साली इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या अभ्यासातून पुरुषांचे आणि बायकांचे वेगवेगळे तक्ते निघाले, बायकांच्या तक्त्यासाठी २४९ निरोगी बायकांची धार मोजली होती. त्या तक्त्यात १०० मिलीला मधला क्यूमॅक्स येतो साधारण १७, २०० मिलीला २४ च्या आसपास आणि ४०० मिलीला ३४ च्या आसपास. म्हणजे लघवी दुप्पट झाली तर धार दुप्पट नाही पण जवळपास दीडपट होते. खालची रेघ, जिच्याखाली शंभरात दहाच जणी येतात ती, १०० ला अंदाजे ११, २०० ला १५-१६ आणि ४०० ला २२. आता सुरुवातीच्या सासूबाईंचा ९० मिलीला ११ परत बघा. खालच्या बाजूला आहे पण रेघेच्या आत आहे, आणि मुळात ९० मिलीच आहे म्हणून निकाल राखून ठेवायचा. सुनेनं मात्र रात्रभर ऑपरेशनचा खर्च मोजला असणार. तेच ४०० मिलीला १६ आलं तर? आकडा ११ पेक्षा चांगला दिसतो पण विचार करायला लावणारा तोच.

त्या अभ्यासात अजून एक निघालं होतं, निरोगी बायकांमध्ये वय आणि बाळंतपणं यांमुळं फ्लोमध्ये फारसा फरक पडत नाही. म्हणून "आता वय झालं, तीन बाळंतपणं झाली, धार कमी होणारच" हे घरातल्या मोठ्यांचं उत्तर ऐकून गप्प बसायचं नाही.

दुसरा आकडा पीव्हीआर, म्हणजे लघवी झाल्यावर पिशवीत किती उरली. हा युरोफ्लोच्या मशीनमधून येत नाही, लगेच सोनोग्राफीनं किंवा बॅटरीवाल्या छोट्या ब्लॅडर स्कॅनरनं बघतात, कधी बारीक नळी घालून. बरेचदा कागदावर हाताने लिहिलेला असतो आणि बरेचदा लिहिलेलाच नसतो, तेव्हा मागून घ्या, पीव्हीआरशिवाय युरोफ्लो म्हणजे अर्धा रिपोर्ट. ५० मिलीच्या आत असेल तर निवांत. ५० ते १०० मध्ये बहुतेक वेळा परत एकदा बघू म्हणतात. १०० च्या वर आणि तेही दोन-तीनदा सारखंच आलं तर कारण शोधायला लागतं, आणि ३०० च्या वर वारंवार राहत असेल तर पिशवी रिकामीच होत नाहीये असं समजून डॉक्टर किडनीपण तपासायला सांगतात.

पण इथं घड्याळ बघायचं. किडनी काही टेस्ट झाली म्हणून थांबत नाही, साध्या वेळी मिनिटाला एक-दोन मिली लघवी तयार होतच असते, आणि दीड लिटर पाणी एका दमात प्यायलेलं असेल तर मिनिटाला दहा मिलीच्या पुढंपण जाते. आता युरोफ्लो झाला, मग सोनोग्राफीच्या रांगेत वीस मिनिटं बसवलं, मग पीव्हीआर आला १८०. त्यातली किती उरलेली आणि किती नवी? माझ्या एका मावसबहिणीला अशाच १८० वर "पिशवी कमजोर झाली" असं सांगून गोळ्या चालू केल्या होत्या, दवाखान्याचं नाव घेत नाही, नंतर लघवी झाल्या झाल्या पाच मिनिटांत बघितलं तर ३०. म्हणून लघवीची वेळ आणि सोनोग्राफीची वेळ दोन्ही लिहून ठेवा, दहा मिनिटांच्या आत असेल तर उत्तम. आणि स्कॅनरच्या बाबतीत एक, तो पोटातलं कुठलंही पाणी पिशवी समजू शकतो, ओव्हरीत मोठी गाठ असेल तर आकडा भलताच येतो, अशा वेळी नीट सोनोग्राफी करून घ्यावी.

व्हॉल्यूम आणि पीव्हीआर मिळाले की एक सोपं गणित घरीच होतं. २८० मिली झाली आणि १६० उरली, म्हणजे पिशवीत एकूण होती ४४०, त्यातली २८० बाहेर आली, म्हणजे ६४ टक्के. नुसतं १६० उरली म्हणण्यापेक्षा हे जास्त कळतं, कारण ६०० पैकी १०० उरणं आणि १५० पैकी १०० उरणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता आलेख. मला स्वतःला रिपोर्टमधलं हेच आवडतं, आकडे खोटं बोलतात पण आलेखाकडं बघून बाई खोलीत कशी बसली होती तेसुद्धा कळतं. चांगला आलेख म्हणजे मांडे करताना चुलीवर उपडं घातलेलं खापर आठवा, तसा गुळगुळीत घुमट, डावीकडून भरकन वर जाणारा, पहिल्या एक-तृतीयांश भागातच माथा गाठणारा आणि मग सावकाश खाली येणारा. एकच घुमट, मध्ये तुटलेला नाही.

त्याऐवजी आलेख बसका आणि लांबलचक असेल, खापराचा तवा झालेला, ५-८ मिलीवर सरळ रेघेसारखा मिनिटभर चाललेला, तर वाट कुठंतरी अरुंद आहे अशी शंका येते. बायकांमध्ये लघवीची नळी मुळात तीन-चार सेंटिमीटरचीच, पुरुषांच्या वीसेक सेंटिमीटरच्या मानानं काहीच नाही, आणि प्रोस्टेटची भानगड नाही, म्हणून असा खरा अडथळा बायकांत कमी दिसतो. पण दिसतो.

सातपुड्याची रांग लांबून कशी दिसते, शिखर, खिंड, शिखर, खिंड, तसा आलेख असेल आणि प्रत्येक खिंडीत रेघ अगदी शून्याला टेकत असेल तर बाई कुंथून लघवी करतेय असं बरेचदा निघतं, जोर लावला की धार, श्वास घेतला की बंद. पिशवीचा स्वतःचा जोर कमी पडत असेल तर बायका नकळत पोटाचा जोर लावायला शिकतात आणि त्यांना ते कळतपण नाही, "मी कुठं जोर लावते" म्हणतात. आणि रेघ शून्यापर्यंत न जाता नुसतीच करवतीसारखी वरखाली होत असेल तर पिशवी ढकलतेय पण खालचे स्नायू मध्येच आवळतायत असं असू शकतं. याला गोळीपेक्षा फिजिओथेरपी, म्हणजे ते स्नायू सैल सोडायला शिकणं, जास्त उपयोगी पडतं. फक्त एवढं लक्षात घ्या की घाबरलेल्या बाईचा आलेखसुद्धा हुबेहूब असाच येतो, म्हणून एका कागदावर हे लेबल लावू नका.

एवढं सगळं झाल्यावर क्यूमॅक्स. बायकांमध्ये व्हॉल्यूम पुरेसं असेल तर साधारण २० च्या वर असतो, २५-३० नेहमीचं. १५ च्या खाली परत परत येत असेल तर बघायला पाहिजे, १२ च्या खाली आणि पीव्हीआरपण जास्त तर नक्कीच. क्यूअ‍ॅव्हरेज म्हणजे सरासरी, ती फार बघत बसू नका, तिचा उपयोग हिशोब जुळतो का बघायला: व्हॉल्यूम भागिले फ्लो टाइम. ३२० मिली २० सेकंदांत म्हणजे सरासरी १६. हे जुळत नसेल तर मशीनमध्ये काहीतरी गडबड आहे. व्हॉयडिंग टाइम आणि फ्लो टाइम वेगळे दिसले तर घाबरू नका, व्हॉयडिंगमध्ये मधल्या थांबलेल्या वेळापण धरतात, फ्लो टाइममध्ये फक्त प्रत्यक्ष धार चालू असतानाची सेकंदं. दोघांत जितकं अंतर तितकी लघवी थांबत थांबत झाली.

आणि हे वाचाच. बऱ्याच मशीनच्या कागदावर कोपऱ्यात एक तयार तक्ता छापून येतो, त्यात तुमचा ठिपका कुठल्या रेघेवर पडला ते दाखवतात. तिथं सिरोकी असं नाव असेल तर तो तक्ता १९७९ सालचा आणि पुरुषांवरून बनवलेला आहे. बाईची नळी आखूड म्हणून धार मुळात जोरात, ती पुरुषांच्या तक्त्यावर टाकली की ठिपका मस्त वर दिसतो आणि सगळं नॉर्मल वाटतं. मशीनमध्ये बाई की पुरुष हे निवडायचं बटण असतं, घाईत ते तसंच राहून जातं, माझ्याकडूनपण राहिलंय, खोटं कशाला बोलू.

उलट आकडा खूप जास्त आला, २२० मिलीला ४१ वगैरे, आठ सेकंदांत सगळं खल्लास, तर लोक खूश होतात. तो आजार आहे असं नाही, पण खोकलल्यावर-शिंकल्यावर लघवी सुटते किंवा लागली की थांबवताच येत नाही अशी तक्रारही असेल तर डॉक्टरांना हा आकडा दाखवा, कारण लघवी रोखणारं दार सैल असेल किंवा पिशवी फार जोरात आकुंचन पावत असेल तरी असं येतं. मात्र लघवी गळतेय की नाही हे युरोफ्लोवरून कळत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून "तुला काही झालेलं नाही" असं गळती असलेल्या बाईला सांगणं चूक आहे.

बरं, सगळं नीट झालं, व्हॉल्यूम ठीक, दोनदा केलं, तरी क्यूमॅक्स ९ आणि पीव्हीआर १६०. आता? आता कागदाची हद्द संपते. धार बारीक असण्याची दोनच मूळ कारणं, ढकलणारा कमजोर किंवा वाट अडलेली, आणि युरोफ्लोच्या आलेखावरून शंका आली तरी या दोघांत नक्की फरक करता येत नाही. मोटार कमजोर झाली तरी शेतात पाणी कमी पोचतं आणि पाइप दबला तरी कमीच पोचतं, बांधावर उभं राहून धार बघणाऱ्याला दोन्ही सारखंच. त्यासाठी प्रेशर मोजायला लागतं, ती टेस्ट म्हणजे युरोडायनॅमिक्स, त्यात बारीक नळी पिशवीत आणि एक शौचाच्या जागी ठेवून दाब आणि धार एकत्र बघतात. दाब जास्त, धार कमी तर अडथळा. दाबच नाही तर स्नायू कमजोर. सगळ्यांना ती लागत नाही, डॉक्टर ठरवतात, पण नळी खालून रुंद करण्याचा किंवा कुठल्याही ऑपरेशनचा सल्ला नुसत्या एका युरोफ्लोवर दिला गेला तर "साहेब, आधी युरोडायनॅमिक्स करायचं का" एवढं विचारायला काही पैसे पडत नाहीत.

डॉक्टरांना आपणहून काय सांगायचं? अंग बाहेर येतंय का, हे पहिलं. आपल्याकडं बायका वर्षानुवर्षं अंगावर काढतात, केळीचे घड उचलतात, हंडे उचलतात आणि सांगत नाहीत. योनीची पुढची भिंत खाली उतरली की नळीला पीळ बसतो आणि धार अडते, काही जणींना तर बोटानं वर ढकलल्याशिवाय लघवी होत नाही, हे ऐकून कुणी हसणार नाही, उलट डॉक्टरांचं अर्धं काम होतं. दुसरं, गळती थांबवायला पूर्वी पट्टी टाकायचं ऑपरेशन झालंय का, कारण ती पट्टी जरा जास्त ताणली गेली तरी धार अडते. तिसरं शुगर. बरीच वर्षं शुगर असली की पिशवी भरल्याची जाणीवच मंदावते, ती ताणत ताणत ढिली होते, बाई म्हणते मला लागतच नाही, दिवसातून दोनदाच जाते. मग बद्धकोष्ठ, पाठीचं ऑपरेशन, पॅरालिसिस. आणि गोळ्यांची सगळी पाकिटं घेऊन जा: सर्दीच्या गोळ्या, हातापायाला मुंग्या येतात त्यासाठीची अमिट्रिप्टिलीन, लघवी थांबवायच्या सोलिफेनासिनसारख्या गोळ्या यांनी धार मंदावून लघवी उरू शकते. शुगरच्या डापाग्लिफ्लोझिननं आणि बीपीच्या पाण्याच्या गोळीनं लघवी वाढते म्हणजे व्हॉल्यूमचा आकडा हलतो. स्वतःच्या मनानं मात्र एकही बंद करू नका.

परत टेस्ट करायची असेल तर असं करा. उन्हाळी लागलेली असेल, जळजळ असेल, तर आधी लघवी तपासून इन्फेक्शन बरं करून घ्या, त्या काळातला युरोफ्लो फुकट जातो. दवाखान्यात दोन तास आधी या, पाणी घोटघोट प्या, एकदम बाटली रिकामी करू नका. लागली की लगेच न सांगता आणि कळवळेपर्यंत न थांबता, घरी असताना ज्या वेळी सहज उठला असता त्या वेळी सांगा. पूर्ण टेकून बसा, पाय टेकवा, कुंथू नका, नंतर पाणी टाकू नका. आणि त्याच्या आधी घरी तीन दिवस वही ठेवा: जुन्या मापाच्या भांड्यात लघवी मोजायची, वेळ आणि मिली लिहायचं, पाणी-चहा किती प्यायलं ते लिहायचं. शेतात मजुरीला जाणाऱ्या बायकांच्या वह्या बघितल्या की कळतं, सकाळी सहाला एकदा आणि मग थेट संध्याकाळी, मध्ये शेतात आडोसा नाही म्हणून पाणीच पीत नाहीत. मे महिन्यात जळगाव-भुसावळला ४५ डिग्री आणि दिवसभरात पाणी दोन ग्लास. अशा वहीपुढं एकटा क्यूमॅक्स काय सांगणार. वहीतला रोजचा आकडा २५०-३५० असेल आणि टेस्टमध्ये ९० झाली असेल तर टेस्ट परत, वाद नको.

या कशाचीही वाट न बघता दवाखाना गाठायचा तो पुढच्या गोष्टींसाठी. लघवी पूर्णच बंद झाली आणि ओटीपोट फुगून दुखतंय. थंडी वाजून ताप आणि कमरेच्या बाजूला दुखतंय. लघवीत रक्त दिसलं, दुखत नसलं तरी. बाळंतपणानंतर सहा तास झाले तरी लघवी नाही. आणि पायातली ताकद जाऊन बसायच्या जागी बधिरपणा आलाय आणि लघवी अडलीय, तर तेव्हा युरोफ्लो वगैरे विसरा, तो मणक्याचा मामला असू शकतो, त्याच दिवशी पोचायचं, रात्र असली तरी.

शेवटचं कागदाबद्दल. तो थर्मल पेपर असतो, आपल्या उन्हात घरातल्या पत्र्याच्या पेटीत दोन उन्हाळे काढले की अक्षरं उडून कोरा होतो. त्याच दिवशी झेरॉक्स काढा, मोबाईलमध्ये फोटो काढा, आणि पाठीमागं पेनानं तारीख, पीव्हीआर आणि "घरी अशीच होते" की "नाही" ते लिहा. लॅमिनेशन मात्र करू नका. आपल्याकडं आधारपासून लग्नाच्या पत्रिकेपर्यंत सगळं लॅमिनेट करायची हौस, अमळनेरच्या एक काकू असाच रिपोर्ट मोठ्या काळजीनं लॅमिनेट करून घेऊन आल्या, गरम मशीनमधून गेल्यामुळं कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत काळाकुट्ट, एक अक्षर दिसेना. मग काय, दिलं पाणी प्यायला आणि बसवलं परत.